झाडूगाडीनंतर

१

पिशवी द्यायची, त्यात काय एवढं, असं बाहेरच्याला वाटतं. रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, हात लांब करायचा, बोटांवर पिशवीचा लांब पट्टा लोंबता ठेवायचा. सायकलवाला वाऱ्यासारखा येतो, पट्ट्यात हात घालतो आणि पिशवी खांद्याला लावून निघून जातो. पण एवढ्यातच भल्याभल्यांचे खांदे निखळले आहेत. म्हणून संघातल्या ताईनं प्रोफेसरांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हाताकडे बघायचं, चेहऱ्याकडे नाही. चेहरा बघितलात की ओळख दाखवायला जाल. पट्टा ताणला की सोडायचं. विचार करत बसायचं नाही."

विचार करत न बसणं प्रोफेसरांना जन्मात कधी जमलं नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकवण्यात घालवली. निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, घर खायला उठलं, तेव्हा ते मालिश शिकले आणि या सायकलसंघाच्या चाकरीत शिरले. "आयुष्यभर ज्या पायांची चित्रं काढली, ते पाय आता चोळतोय," असं ते स्वतःच सांगत, म्हणजे दुसऱ्या कोणी टोमणा मारायच्या आत.

काम ठरलेलं. सकाळी ताईबरोबर भाताच्या चिकट वड्या चांदीच्या कागदात गुंडाळायच्या, बाटल्या भरायच्या, पिशव्या बांधायच्या. मग गाडीनं शर्यतीच्या पुढे जाऊन घाटातल्या ठरलेल्या जागी उभं राहायचं. सगळे खेळाडू गेले की शेवटी झाडूगाडी येते. तिच्यामागे शर्यत संपली असं समजायचं. दमून सायकल सोडलेल्यांना ती गोळा करत येते. ती गेली की सामान आवरायचं आणि पुढच्या हॉटेलची वाट धरायची.

त्या दिवशी प्रोफेसरांचं लक्ष घरी होतं. लेक पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. जावई जहाजावर, म्हणून ती त्यांच्याच घरी राहायला आलेली. साहेबांकडून, म्हणजे संघाच्या मॅनेजरकडून, त्यांनी महत्प्रयासाने रजा मिळवली होती. परवा सकाळची गाडी. तिकीट खिशात होतं आणि ते आहे ना, हे ते सारखं चाचपून बघत होते.

संघातल्या सगळ्यांच्या पिशव्या दिल्या गेल्या. उरली ती लंबूची. लंबू खाली उतारावर पडला होता. त्याला मोटारीत घातल्याचं ताईनं पलीकडच्या वळणावरून ओरडून सांगितलं. झाडूगाडी आली, तिच्या चालकानं हात हलवला, गाडी गेली. घाट एकदम मोकळा झाला. टाकलेल्या बाटल्यांतली एक उतारावरून गडगडत गेली आणि कठड्याला अडून थांबली.

प्रोफेसर उभेच होते. हात खाली घ्यायचा राहून गेला होता. गेल्यावर आधी लेकीला डॉक्टरांचा नंबर विचारून घ्यायचा, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात चाललं होतं.

पट्टा ताणला.

त्यांनी सोडला. शिकवलंच तसं होतं. नजरही शिकवल्याप्रमाणे हातावरच गेली. संघाच्याच रंगाची बाही, पण उन्हात वर्षानुवर्षं वाळत घातल्यासारखी विटलेली. आणि हात कोरडा. त्या चढावर, त्या उन्हात, प्रत्येकाच्या मनगटावरून घाम ओघळत असतो. हा हात पिठात घोळल्यासारखा कोरडा होता.

त्यांनी मान वळवली तेव्हा वळण रिकामं होतं. साखळीचा आवाज नव्हता, टायरचा नव्हता. आणि हातातली पिशवीही नव्हती.

२

"कोणीतरी बघ्यानं लांबवली असेल," गाडीत ताई म्हणाली. "आठवण म्हणून नेतात हो लोकं. मागच्या शर्यतीत माझी टोपी डोक्यावरून काढून नेली."

"सायकलवर होता तो."

"मग सायकलवरच्या बघ्यानं लांबवली. प्रोफेसर, तुम्ही जेवलात का नीट?"

पुढच्या सीटवरून मेकॅनिकनं मान वळवली. त्याला सगळे पाना म्हणत. "ताई, त्यांना छळू नकोस. आजोबा व्हायचे आहेत. माणूस आजोबा व्हायला लागला की हातातलं सुटतंच."

सगळे हसले, प्रोफेसरही हसले. साठी बुद्धी नाठी, असं म्हणून त्यांनी स्वतःच तो विषय मिटवला. हे स्पष्टीकरण काही वाईट नव्हतं. शर्यतीमागून हौशी सायकलवाले घाट चढतात, जुन्या बाजारात संघाचे जुने कपडे मिळतात. राहता राहिला आवाज. त्यांचा उजवा कान तसाही कमीच ऐकतो.

हॉटेलात खेळाडूंच्या आधी पोचून ताई आणि प्रोफेसर खोल्या लावत. खेळाडू हॉटेलच्या गादीवर झोपत नाहीत. प्रत्येकाची स्वतःची गादी ट्रकमधून हिंडते. हॉटेलची गादी भिंतीला उभी करायची, त्याची घालायची, चादर ओढायची, उशी ठेवायची. आज लंबू इस्पितळात होता. म्हणजे त्याची गादी ट्रकमध्येच राहायला हवी.

"प्रोफेसर!" व्हरांड्याच्या टोकाकडून ताईचा आवाज आला. "लंबूची गादी कशाला घातलीत? उगाच कमरेचे काटे ढिले करून घेता."

"मी नाही घातली."

"मग माझ्या आजीनं घातली. चादरीचे कोपरे बघा. इस्पितळासारखे कोण दुमडतं इथे?"

ते तसेच कोपरे दुमडत, हे खरं होतं. प्रोफेसर दाराशी उभे राहिले. खोली इतर खोल्यांसारखीच होती. एक खिडकी, ती अर्धीच उघडणारी, बाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. आपण गादी आणून घातली असेल का? सवयीचा माणूस सवयीनं काहीही करतो. मेंदूला पत्ता न लागता हात काम करतात, हे ते वर्गात घसा फोडून सांगत आले होते. हो, घातली असेल.

मग त्यांना दाराच्या मुठीला अडकवलेली पिशवी दिसली.

ती रिकामी होती. आत चांदीचे कागद होते, एकावर एक ठेवलेले, नखानं घासून सपाट केलेले. खेळाडू पिशवीतलं खिशात भरतात आणि पिशवी रस्त्यात भिरकावतात. ती परत येत नसते. परत आणायला कोणाला वेळ असतो?

उशीवर भाताची शितं चिकटलेली होती. एकाच जागी नाही. सगळ्या उशीभर फासल्यासारखी.

ताई मागून येऊन म्हणाली, "शी! हे कोणी केलं?" आणि उशीचा अभ्रा काढून धुण्यात टाकायला घेऊन गेली. तिच्या दृष्टीनं विषय तिथे संपला. प्रोफेसर मात्र त्या खोलीचं दार ओढून घेताना आपण ते इतकं हळू का ओढतोय, याचा विचार करत राहिले.

३

उतरत्या उन्हाची वेळ मालिशीची. प्रोफेसरांच्या खोलीत घडीचं टेबल मांडलेलं असे. त्याला डोक्याकडे भोक. खेळाडू पालथा पडून त्यात तोंड घालतो आणि बहुतेक वेळा झोपतो. प्रोफेसरांना बोलायची गरज पडत नसे. कोणाचा पाय कुठे दुखतो ते बोटांना कळे.

शेवटचा खेळाडू गेल्यावर ते तेलाचे हात धुवायला न्हाणीघरात गेले. बाहेर आले तर टेबलावर कोणीतरी पालथं पडलेलं होतं. अंगावर पांढरी चादर, डोकं भोकात, पाय उघडे.

"पुन्हा आलास? पोटरी धरली का?" प्रोफेसर म्हणाले आणि तेल घेतलं. कोणत्या खेळाडूचे पाय, हे बघायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण हात आधी पोचले.

पोटरी लाकडासारखी होती. पेटके आले की स्नायू असा होतो. शरीरातलं पाणी गेलं की होतो. त्यांनी जोर लावला. चोळल्यानं कातडी गरम होते, ही होईना. तेल जिरेना, नुसतं वर तरंगत राहिलं. घोट्यामागे नाडी लागते. त्यांनी तिथे बोटं टेकवली. बराच वेळ टेकवली. म्हाताऱ्या बोटांना कमी कळतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग आपण श्वास धरून बसलो आहोत हे ध्यानात आलं, आणि टेबलावरच्याचा तरी कुठे ऐकू येतो आहे, हेही.

फोन वाजला. हात तेलकट, म्हणून त्यांनी कोपरानंच बटण दाबून स्पीकर लावला.

"बाबा, जेवलात का? नक्की येताय ना? की नेहमीसारखं आयत्या वेळी साहेबांनी पाय धरले आणि तुम्ही विरघळलात?"

"परवा निघतो, मनू. तिकीट काढलंय."

"मी एकटी इस्पितळात जाणार नाही हं. आत्ताच सांगते. शेजारच्या काकू चांगल्या आहेत, पण त्या मला धीर द्यायला येतात आणि स्वतःच रडतात."

"येतो गं. घर सोडून कुठे जाऊ नकोस. सरळ घरीच येतो."

त्यांच्या हाताखालचा पाय सैल झाला. इतका वेळ न हललेली बोटं हळूच उघडली आणि ताठ उभी राहिली. कुत्रा कान टवकारतो तशी.

प्रोफेसर फोन उचलून बाहेर गेले. का गेले, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. व्हरांड्यात लेकीशी हवापाण्याच्या गोष्टी करत ते उभे राहिले, ती कंटाळून "ठेवते" म्हणेपर्यंत. मग पानाला हाक मारली, काहीतरी निमित्त काढून त्याला बरोबर घेतलं आणि दार उघडलं.

टेबल रिकामं होतं. चादरीची घडी घातलेली होती, कोपऱ्याला कोपरा लावून.

"काय दाखवायचं होतं?" पानानं विचारलं.

"टेबल करकरतंय जरा."

पानानं टेबल हलवून पाहिलं. "टेबल ठणठणीत आहे. तुम्ही झोपा जरा, प्रोफेसर. तुमच्यातच तेल घालायची वेळ आलीय."

४

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांनी जेवढे खेळाडू तेवढ्याच पिशव्या घेतल्या. शेवटची हातातून गेली तसे दोन्ही हात खिशात घातले आणि झाडूगाडी जायच्या आतच गाडीत बसून काच वर केली. काही झालं नाही. ताईच्या बडबडीत घाट मागे पडला. हॉटेलात लंबूची गादी ट्रकमध्येच होती. मालिशीच्या वेळी पाना बाजूला खुर्ची टाकून बसला आणि दोघांनी मिळून साहेबांची यथेच्छ नालस्ती केली.

सुंठीवाचून खोकला गेला, असं प्रोफेसरांना वाटलं. ते आपली बॅग भरायला बसले. लेकीसाठी घेतलेली लोकरीची शाल त्यांनी वर ठेवली, खाली ठेवली, पुन्हा वर ठेवली.

"बाबा, तुम्ही कोणाला पाठवलं होतं का?" लेकीनं फोनवर विचारलं.

"कुठे?"

"इथे, घरी. दाराला तुमच्या संघाची पिशवी अडकवलीय. मला वाटलं तुम्ही काही खाऊ पाठवलात. बघते तर रिकामी! आतबाहेर धुऊन काढल्यासारखी. आता रिकामी पिशवी पाठवायला डोहाळे तुम्हाला लागलेत की मला?"

प्रोफेसर पलंगावर बसले. घर तिथून एक अख्खा दिवस आणि रात्र रेल्वेनं जाण्याइतकं दूर होतं.

"कोण आलं होतं?"

"मी नाही बघितलं. काकू म्हणाल्या, दुपारी फाटकाशी एक सायकलवाला उभा होता. हात असा पुढे करून. त्यांना वाटलं पत्ता विचारायचाय. विचारलं तर बोलेना. नुसता हात पुढे."

"कोणाकडे?"

"काय कोणाकडे?"

"हात, मनू. हात कुठल्या दिशेनं होता?"

ती हसली. "अहो, माझ्या खिडकीकडे. मी आत झोपले होते. काकू म्हणाल्या, भुकेला दिसतो बिचारा, म्हणून त्या काहीतरी आणायला आत गेल्या, तोवर गेला. बाबा? ऐकताय ना?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, ही म्हण त्यांनी उभ्या जन्मात कितीदा वापरली असेल. ती कोणाच्या घशात अडकत असेल असं कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी एखाद्या केससारखा तो प्रश्न मांडून पाहिला. ज्या दिवशी रस्त्यावर खायला मिळालं, त्या दिवशी तो त्यांच्या मागे हॉटेलात आला. ज्या दिवशी मिळालं नाही, त्या दिवशी घरी गेला. दोनच नोंदी. दोन नोंदींवरून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी वर्गाबाहेर घालवलं असतं. काकूंना भास झाला असेल. कोणी चाहता असेल, पत्ता काढून आलेला. आपण चूक असू तर आपण एक भित्रा म्हातारा, पोरीला ऐन वेळी तोंडघशी पाडणारा. आणि बरोबर असू तर?

बरोबर असू तर तिच्या कुशीत दोन दिवसांनी मूल असेल, आणि खिडकीबाहेर तो हात.

५

"रजा नको?" साहेबांनी भुवया उंचावल्या. "अहो, माझं डोकं खाऊन घेतलीत ना ती?"

"बाळंतपण पुढे गेलं," प्रोफेसर म्हणाले. लेकीला त्यांनी सांगितलं की साहेब सोडत नाहीत. दोन्हीकडे खोटं बोलले आणि दोन्हीकडे ते चटकन खपलं, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. लेक भांडली नाही. "बरं," एवढंच म्हणाली.

त्या दुपारी त्यांनी एक पिशवी जास्तीची भरली. ताईला सांगितलं, तू पुढे जा, मी पानाच्या गाडीतून येतो. झाडूगाडी गेली. पाना खालच्या वळणावर चाकं बांधत होता. त्याचं शिट्टी वाजवणं ऐकू येत होतं. प्रोफेसरांनी हात लांब केला आणि डोळे मिटले.

पट्टा ताणला. त्यांनी सोडला. शंभरापर्यंत मोजायचं ठरवलं होतं, तेवढा धीर निघाला नाही. डोळे उघडले.

तो गेला नव्हता.

थोडं पुढे, कठड्यावर, त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. पाठीवरचा विटका सदरा, खाली आलेले खांदे, बाजूला टेकवलेली सायकल. दमलेला कोणताही पोरगा बसेल तसा. पिशवी मांडीवर होती. त्यानं कागद उलगडला, नखानं सपाट केला. वडी उचलून चेहऱ्याकडे नेली.

मग त्याचं कोपर हलायला लागलं. हनुवटीच्या जागेवरून वर. थोडं डावीकडे. गालावरून कपाळाकडे. पुन्हा खाली. अंधारात माणूस कुलपाचं भोक चाचपतो, तसा तो चिकाटीनं चाचपत होता. शितं त्याच्या पायाशी पडत होती. वडी संपली. त्यानं दुसरी उचलली.

तोंड नव्हतं त्याला. ते शोधत होता.

म्हणजे कितीही दिलं तरी हा भुकेलाच राहणार, हे प्रोफेसरांना त्या क्षणी कळलं. ते मागे मागे सरकत वळणापर्यंत गेले आणि मग उतारावरून धावत सुटले. पानानं त्यांना दोन्ही दंडांना धरून थांबवलं.

"अहो, काय! भूत बघितलंत की काय?"

"पायाला मुंग्या आल्यात," प्रोफेसर म्हणाले.

६

शर्यत संपली. तोवर प्रोफेसर रोज एक पिशवी जास्तीची देत राहिले होते. ज्या शहरात ती संपली तिथे साहेबांनी सगळ्यांना जेवण दिलं, ताईनं सगळ्यांचे कपडे शेवटचे धुतले, ट्रक रिकामा झाला. प्रोफेसर जेवणाला थांबले नाहीत. मिळेल त्या बसनं ते पहिली पिशवी गेली त्याच घाटाच्या पायथ्याशी परतले आणि टायरच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेतली. घाटात तो कुठे भेटतो ते त्यांना ठाऊक होतं. इतर कुठे भेटेल, ही जोखीम नको होती.

दुकानदार सांगे, वर एक विद्वान गृहस्थ राहतात, हवा पालटायला आलेत. सकाळी ते स्टोव्हवर भात शिजवत. दुपारी घाट चढत. खोलीला एक खिडकी होती. तिच्यातून रस्ता दिसे आणि दुसरं काही दिसत नसे. दोनदा त्यांनी बॅग भरली. दोनदा उपसली. आज नाही गेलो वर तर काय होईल? कदाचित काहीच नाही. पण ते करून बघायचं म्हणजे लेकीला पणाला लावायचं, आणि तेवढी विज्ञाननिष्ठा त्यांच्यात उरली नव्हती.

मुलगी झाल्याचं काकूंनी फोन करून कळवलं. रडत रडत. लेकीनं स्वतः फोन केला तो बऱ्याच दिवसांनी, आणि तो आला तेव्हा प्रोफेसर वळणावर उभे होते. एक हात पुढे. फोन त्यांनी कठड्यावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"शर्यत कधीच संपली, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, पण रागावलेला नव्हता. "ताई येऊन गेल्या. बाळाला टोपडं विणून आणलं त्यांनी. म्हणाल्या, तुम्ही जेवायलाही थांबला नाहीत. मला वाटलं, तुम्ही घरीच यायला निघालात. तीन दिवस दार उघडं ठेवलं मी."

"मनू, दार लावत जा."

"कुठे आहात तुम्ही?"

मागे बाळ रडायला लागलं. इवलासा, चिरका आवाज. प्रोफेसरांनी तो पहिल्यांदाच ऐकला. पुढे केलेला हात त्यांनी तसाच ठेवला.

"कामावर आहे गं. एक जण मागे राहिलाय. त्याला खायला घालायचं असतं."

"कोणी नाही का त्याला?"

"नाही."

मागचं रडणं कमी होत गेलं. ती बाळाला थोपटत असावी. पट्टा ताणला, प्रोफेसरांनी तो सोडला आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"इतकंच ना?" ती म्हणाली. "अहो, मग त्याला घेऊन या की घरी. एका माणसाचं काय जड आहे आपल्याला? जेवेल आपल्यातच."

प्रोफेसर फोनवर झेपावले. फोन कठड्यावरून घरंगळला, दगडावर आपटला आणि बंद पडला.

वळण रिकामं होतं, घाटात कसलाही आवाज नव्हता. पट्टा सैल पडलेला होता. पिशवी, भरलेलीच, त्यांच्या हातात परत ठेवलेली होती.